दोन भोकांचा ड्रम

"नागसेन, पेंढा पसरायचाय, त्यात लोळायचं नाहीये!"

यशू ट्रकच्या हौद्यात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचा चुलतभाऊ नागसेन पेंढ्यात निम्मा गाडला गेला होता आणि त्याला बाहेर यायची मुळीच घाई नव्हती. गादी मऊ झाली की नाही ते तपासतोय, असं त्याने आतूनच सांगितलं.

धोंडिबामामांचा हा ट्रक एरवी विटा वाहायचा. उद्या पहाटे मात्र तो अंबरनाथच्या मोरिवलीची अख्खी आळी घेऊन वेरूळची लेणी बघायला निघणार होता. मे महिन्याची सुट्टी होती, तोंडावर बुद्धपौर्णिमा आली होती आणि सकाळपासून कुणाचा पाय घरात ठरत नव्हता. हौदा धुऊन विटांची लाल माती काढली होती. ड्रायव्हरच्या केबिनवर पंचशील ध्वज लागला होता. ताडपत्री टाकण्यासाठी बांबूच्या कमानी बांधल्या होत्या, मामा गाडीखाली पाठीवर झोपून ग्रीस भरत होते आणि स्टोव्ह, पातेली, कांदे-बटाट्यांची पोती एकेक करून वर चढत होती.

यशूची चांगुणा आजी तर आठवड्यापूर्वीच गाठोडं बांधून बसली होती. बसली होती म्हणजे त्या गाठोड्यावरच! लेण्यांतली बुद्धमूर्ती एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच तिची इच्छा होती. गुडघे अजून चालताहेत तोवर ती पुरी व्हावी, म्हणून तिच्या धाकट्या मुलाने, म्हणजे नागसेनच्या वडिलांनी, हा सगळा घाट घातला होता.

हे अनंताकाका आनंदनगरच्या एका कंपनीत फिटर होते. मोडकं काहीही त्यांच्या हाती द्यावं, ते चालतं होऊन परत यायचं, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांना स्वतःलाही चांगलीच ठाऊक होती. आत्ता ते हातगाडीवरून एक भलामोठा लोखंडी ड्रम घेऊन आले तेव्हा त्यांची छाती नेहमीपेक्षा दोन बोटं जास्तच फुगली होती.

"हे बघा! वेरूळपर्यंत पाण्याची चिंता मिटली. तोटीसुद्धा बसवलीय," ते म्हणाले.

बायका खूश झाल्या. ड्रम उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये अगदी स्वस्तात मिळाला, असं काका ज्याला त्याला सांगत होते. मग त्यांनी तो राखेने घासला, सोड्याने धुतला, पुन्हा पुन्हा विसळला आणि पाणी तिथेच ओतून दिलं. उन्हाने तापलेल्या जमिनीवर डबकं झालं. जुन्या गावठाणातली यशूची मैत्रीण जनी, तिच्या कोंबड्या लगबगीने पाणी प्यायला आल्या. रिकामा ड्रम ट्रकमध्ये चढवला, पंप लावून तो भरायला सुरुवात झाली आणि सगळे जेवायला गेले.

दुपारी जनी आली ती रडतच.

"यशे, आमची कोंबडी मेली गो! दुसरी पन उभी ऱ्हात नाय."

यशू धावत गेली. कोंबडी डबक्याच्या कडेलाच आडवी पडली होती, चोच उघडी, पाय ताठ. सकाळी हीच कोंबडी पेंढ्यातले दाणे वेचायला ट्रकमध्ये चढली होती. काकांना हाक मारली तर ते म्हणाले, मे महिन्याच्या उन्हात माणसं लोळतात, तिथे कोंबडीचं काय घेऊन बसलात? आणि ते दोरखंड मोजायला निघून गेले.

यशूचं समाधान झालं नाही. ती ट्रकमध्ये चढली आणि ड्रमभोवती फिरली. ड्रम चांगला जाड होता, कुठे गंजाचं नाव नव्हतं. बुडाजवळ मात्र एक चकचकीत ठिपका दिसला. समोरच्या बाजूला नेमका तसाच दुसरा.

"ती बाबांनी झाळ मारलीय. भोकं होती ना तिथे! बाबा म्हणाले, भोकं होती म्हणून तर स्वस्त," नागसेनने माहिती पुरवली.

"गंजून पडलेली?"

"छे! गोल होती. मुद्दाम पाडल्यासारखी."

बोलता बोलता नागसेन स्वतःच थांबला. धडधाकट ड्रमला कोण कशाला भोकं पाडेल?

धोंडिबामामा भाड्याची ताडपत्री आणायला कॅम्प एकलाच निघाले होते. यशूने जनीला ड्रमजवळ पहाऱ्याला बसवलं, कुणालाही थेंबभर पाणी घेऊ द्यायचं नाही असं बजावलं आणि ती नागसेनला घेऊन केबिनमध्ये चढणार, तोच मामा हसले. ट्रक इथेच राहील, भरलेला ड्रम घेऊन कोण हिंडणार? मग तिघं एका ओळखीच्या टेम्पोतून गेली.

मामा ताडपत्रीच्या दुकानात घासाघीस करायला बसले आणि ही दोघं शेजारच्या गल्लीत लीलारामशेठच्या ड्रमांच्या वखारीत शिरली. पुढे झाकणवाले स्वच्छ ड्रम रचले होते. मागे भिंतीशी दुसरा ढीग होता. यशूने वाकून पाहिलं. त्या ढिगातल्या प्रत्येक ड्रमला बुडाजवळ भोकं होती. समोरासमोर, दोन!

"ए बेटी, पीछे का माल हाथ नको लावू!" शेठ ओरडले.

"शेठ, याला भोकं का असतात?"

"कंपनीवालेच पाडून देतात. अंदर जहरी दवा असते ना! धुतला तरी जात नाही. परत कोणी पाणी भरू नये म्हणून भोक. आमच्या धंद्यात भोक म्हणजे खतम, फक्त पत्रा कापायला."

नागसेनने विचारलं, असा ड्रम परवा कुणी नेला का?

"नेला ना! अंबरनाथचा एक फिटर. त्यालापण बोललो मी. तो बोलला, न्हाणीला आडोसा करायचाय."

म्हणजे काकांना माहीत होतं! एखाद्या भामट्याने फसवलं असतं तर यशूला राग आला असता. हे तर तिचे काका होते, जत्रेत तिला खांद्यावर बसवून फिरवणारे. परतीच्या वाटेवर मामांना त्यांनी सगळं सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, "तुझा काका फिटर माणूस, त्याला कळत नाही होय?"

"यशू, बाबा ऐकणार नाहीत," शेवटी नागसेन म्हणाला. "मी त्यांना सगळ्यांसमोर विचारतो, हे पाणी मी पिऊ का? बघू काय म्हणतात."

"फक्त विचारायचं हं. पेल्याला हातसुद्धा लावायचा नाही!"

ती पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. ड्रम काठोकाठ भरून दोरखंडाने बांधला होता. जनी तोटीला पाठ लावून बसली होती आणि येईल त्याला सांगत होती, "पानी तापलंय, निवू द्या." आळी सगळी जमली होती. यशूने धीर करून शेठने सांगितलेलं सगळं सांगितलं. काका हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"राखेने घासलाय, सोड्याने धुतलाय. फिटर मी आहे की ही पोरं? आई, पहिला पेला तूच घे, म्हणजे यांची तोंडं बंद होतील."

आजी गाठोड्यावरून उठली. तेवढ्यात ट्रकमागून नागसेन आला. त्याच्या हातात भरलेला पेला होता.

"बाबा, आजीच्या आधी मी पिऊ?"

आणि उत्तराची वाट न बघता त्याने पेला ओठांना लावला! हे ठरलं नव्हतं. यशू त्याच्याकडे झेपावली.

काकांचा हात सटकन पुढे आला. पेला उडून ट्रकच्या फाळक्यावर आदळला, पाणी सगळ्यांच्या पायांवर सांडलं. काकांनी पोराला छातीशी घट्ट धरलं होतं.

चांगुणा आजी अगदी हळू म्हणाली,

"अनंता, पोराच्या हातचा पेला पाडलास. मग माझ्या हातात काय देणार होतास?"

काका मटकन खाली बसले, स्टेपनीच्या टायरवर. शेठने बजावलं होतं, ते म्हणाले. पण एवढा चांगला ड्रम, दोन भोकांसाठी टाकून द्यायचा? बुजवता येतं ते बुजवायचं, हीच आयुष्यभराची सवय. ते भोक म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेलं 'नको' आहे, हे त्यांनी मनावर घेतलंच नव्हतं. बोलता बोलता त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं. आळीतल्या मोठ्या माणसांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"नाग्या, थुंक आधी! चूळ भर!" यशू ओरडली.

"कशाला? आजीच्या माठातलं पाणी होतं ते. मला काय वेड लागलंय?"

यशूने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पुढच्या गावाला ऐकू जावा. मग मात्र ती ढसाढसा रडली.

पुढची कामं काकांनी स्वतः केली. ड्रम गुरं-कोंबड्या फिरकत नाहीत अशा कंपनीच्या गटारावर नेऊन रिकामा केला. डबक्यावर माती लोटली. छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःच मारलेली झाळ उडवली, दोन्ही भोकं पुन्हा मोकळी केली आणि वर आणखी चार पाडली. मग ते जनीच्या घरी गेले. तिच्या आईला काय म्हणाले ते कुणाला कळलं नाही, पण वेरूळहून आल्यावर जनीच्या अंगणात कोंबड्यांची नवी जोडी दिसली.

पाण्याचं काय, हा प्रश्न आळीने सोडवला. प्रत्येक घरातून माठ आला, कळशी आली, हंडा आला. पेंढ्यात खळगे करून यशूने ते सगळे नीट रोवले, म्हणजे घाटात एकमेकांवर आपटायला नकोत. गादी थोडी कमी झाली, पण या वेळी नागसेनने तक्रार केली नाही. ज्यांनी दुपारी पोरांना हसण्यावारी नेलं होतं, तेच धोंडिबामामा म्हणाले, "यशू, नागसेन, जनी, या तिघांना पुढे केबिनमध्ये बसवा. मान आहे त्यांचा." आणि आजीने तिघांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

पहाटे बुद्धवंदना झाली आणि ट्रक निघाला. कसाऱ्याच्या अलीकडे माठ अर्धे झाले, तेव्हा मामांनी एका विहिरीपाशी गाडी थांबवली. रहाटावरून स्वच्छ पाण्याची घागर वर आली. अनंताकाका रिकामी कळशी घेऊन पुढे झाले आणि थांबले. मागे सगळी तहानलेली माणसं उभी होती. एवढा मोठा फिटर, पण त्याने वळून केबिनकडे पाहिलं.

"यशू, भरू का ग?"

यशू खाली उतरली. तिने घागरीत डोकावून पाहिलं, वास घेतला, विहिरीच्या कडेने दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडेही एकदा नजर टाकली.

"भरा, काका," ती म्हणाली.

पहिला पेला काकांनी आजीला दिला.