बेंबी बसवणारी

आबांचं पोट दुखायला लागलं तेव्हा कुरुळीत सगळ्यांनी एकच निदान केलं: बेंबी सरकली. जड उचललं की बेंबी सरकते आणि ती दाबून जागेवर बसवावी लागते, यावर गावात दुमत नसतं. ते काम सोजराबाईचं. १९७९चा सबंध उन्हाळा ती आबांचं पोट तेल लावून चोळत राहिली आणि आत कॅन्सर वाढत राहिला. मी, त्यांचा शिकलेला मुलगा, तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात ओव्हरटाइम करत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुण्याच्या डॉक्टरांनी जमेल तेवढं कापून काढलं. गाठ यकृतापर्यंत गेली होती.

"एका उपायानं भागणार नाही," ते म्हणाले. "आता इंजेक्शनं आणि किरणांचा, म्हणजे लाइटीचा शेक, दोन्ही बरोबरीनं देऊ. थोडा वेळ मिळेल."

मला पटलं. आमच्या खात्यातही गिअर नुसता तापवून चालत नाही. तेलात बुडवावा लागतो, पुन्हा मंद तापवावा लागतो. आईला मात्र थोडा वेळ नको होता, तिला आबा हवे होते.

एका रविवारी दुपारी मी न कळवता घरी गेलो. पडवीत घोंगडीवर आबा निजले होते; शेजारी सोजराबाई बसली होती, एक हात त्यांच्या पोटावर. आई त्याच घोंगडीवर आबांशेजारी आडवी झाली होती, दिवसाढवळ्या, बाहेरच्या बाईसमोर. सोजराबाईचा दुसरा हात आईच्या पदराखाली होता.

माझं डोकं फिरलं. "सोजराबाई, टाक्यांना हात लावू नका. आधी केलंत तेवढं पुष्कळ झालं."

ती रागावली नाही. "तवा मी बसवत हुते. चुकलंच माझं. ह्ये बसत न्हाई, सरकवावं लागतं."

"कुठं?"

ती उठून हात धुवायला गेली.

पुढच्या महिन्यात आबा भाकरी मागून खायला लागले. उपचार लागू पडले म्हणून मी खात्यात पेढे वाटले. खरंच आनंद झाला होता.

तपासणीला आईही बरोबर निघाली; एसटीत ती पुढच्या बाकावर असताना आबा हळूच म्हणाले, "सोजरीला सांग, माझं मला माघारी दे म्हनावं. तुझी आई माझं ऐकत न्हाई."

आजारानं मन हळवं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

डॉक्टरांनी आबांचं पोट पुन्हा पुन्हा चाचपलं. हाताला काही लागेना.

"कमाल आहे. राहिलेल्या दोन इंजेक्शनांचीही घाई नाही."

आबा टेबलावरून उतरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कुणी न सांगता आई टेबलावर जाऊन निजली. पदर बाजूला करून तिनं पोटावर एका जागी बोट ठेवलं.

डॉक्टरांनी तिचं मन राखायला हात लावला.

हात तिथंच राहिला.

"यांना कधीपासून त्रास आहे?" त्यांनी मला विचारलं.

आईच म्हणाली,

"ह्यांच्या दोन सुया ऱ्हायल्यात न्हवं, त्या मला द्या. वाया कशाला घालवायच्या."