केटल घाटातली पिकप

सकाळी सातला ओपल टीगच्या टेबलावरचा फोन वाजला. केटल घाटात पिकप पडलीय, मागं बैलांचा ट्रेलर आहे, ड्रायव्हर हलत नाहीये.

ओपल काउंटीच्या शेरीफची डेप्युटी. पंचावन्नची बाई, गुडघे गेलेले, जीभ मात्र धडधाकट. बाप जन्मभर धान्यगोदामाच्या वजनकाट्यावर बसलेला, त्यामुळं गाडी दिसली की हिच्या डोक्यात आधी पौंड यायचे.

ती पोचली तेव्हा ओडेल पर्विसवर चादर पडली होती. तीस वर्षं किम्ब्रोच्या रँचवर गाडी हाकलेला माणूस. सहातले चार बैल वाचले होते, रस्त्याकडेला गवत खात उभे, काही झालंच नाही असे.

ओपलनं गाडीभोवती फेरी मारली. मागचा उजवा टायर फुटून चिंध्या झालेला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ हवेचे रबरी फुगे, म्हणजे ओझ्यानं गाडी मागून दबलेली दिसू नये. गाडी नऊ वर्षांची, पण बाजूच्या पत्र्यावरचा एकटनी या जड वर्गाचा आकडा नवाकोरा. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला, जिथं गाडी पाठीवर किती पौंड घेईल ते कंपनी चिकटवते, तिथं नुसता खरवडलेला डिंक.

रँचमालक रॉइस किम्ब्रो टोपी छातीशी धरून आला. वाईट झालं म्हणाला, पण ओडेलला घाई फार, भरधाव सोडली असणार. ओपलला त्यातली गोम कळत होती. चूक ड्रायव्हरची निघाली तर त्याच्या बायकोला भरपाई नाही, आणि महिनाअखेर रँचवरचं घरही सोडायचं.

ती बायको, वेर्ना, स्वयंपाकघरात बसून होती. तिनं सांगितलं ते असं. एप्रिलात ओडेल मालकाला तोंडावर म्हणाला होता, पाऊणटनी पिकपनं मी बैल नेणार नाही. एकटनी आण, नाहीतर दुसरा माणूस बघ. दोन आठवड्यांनी रॉइसनं ही गाडी आणली.

"खूश होता गं," वेर्ना म्हणाली. "रविवारी फडकं घेऊन पुसत बसायचा. दारावरचं लेबल कुठंय विचारलं त्यानं. मालक म्हणाला, जुनी गाडी, उन्हानं गळून पडलं."

चासीच्या नंबरावरून कंपनीनं दुपारीच कळवलं, गाडी पाऊणटनी आहे. मग आकडा बदलला कुणी? गाडी विकणारा क्लीट शपथेवर सांगत होता, मी पाऊणटनी म्हणूनच विकली, लेबल शाबूत होतं. पण त्याच्या बिलावर नुसता रंग आणि नंबर. कागदावर पुरावा काहीच नाही.

ओपल रॉइसच्या अंगणात गेली.

"गाडी किती ओढते, रॉइस?"

"अठरा हजार पौंड. ट्रेलर बैलांसकट पंधरा. हिशेब कर बाई, शाळेत गेली होतीस ना?"

"आणि पाठीवर किती घेते?"

"ओढते म्हटल्यावर घेते की."

"ती एकटनी आहे हे कुणी सांगितलं तुला?"

"क्लीटनं. फसवलं त्यानं मला. मी सरळ माणूस. जा, काउंटीच्या कर-कचेरीत माझे कागद बघ, सगळे माझ्या हातचे."

बघते, म्हणाली ओपल. आणि खरंच बघून आली.

दुसऱ्या दिवशी तिनं रॉइसला, क्लीटला आणि वेर्नाला शेरीफच्या ऑफिसात बसवलं.

"ओढणं वेगळं, वाहणं वेगळं," ती म्हणाली. "जाहिरातीत ओढायचा आकडा मोठा असतो, आपले लोक तोच पाठ करतात. पण या ट्रेलरची मान पिकपच्या हौद्यात बसते. चौथा हिस्सा वजन पाठीवर येतं. पंधरा हजारांचे पावणेचार हजार. नावात एकच टन असला तरी एकटनी तेवढं घेते. ही पाऊणटनी सव्वीसशेला संपते. फुग्यांनी पाठ सरळ दिसते, टायरचं बळ वाढत नाही. उतारावर टायर तापला आणि गेला."

"तेच म्हणतोय मी," रॉइस म्हणाला. "क्लीटनं मला..."

ओपलनं एक कागद पुढं सरकवला. गाडीच्या वर्षाच्या कराचा अर्ज. मोठ्या वर्गाला कर जास्त, लहानाला कमी. गाडी घेतल्यावर तीन दिवसांनी भरलेला. वर्गाच्या रकान्यात रॉइसच्या अक्षरात पाऊणटनी, खाली त्याची सही.

"क्लीटनं फसवलं असतं तर तू इथं एकटनी लिहिलं असतंस. कर वाचवायला सरकारला खरं सांगितलंस आणि बैल न्यायला ओडेलला खोटं. गाडीवर आकडा तू चिकटवलास. लेबल तू खरवडलंस. कारण ते वाचणारा एकच माणूस होता."

क्लीटनं सुस्कारा सोडला. रॉइसनं कागद परत सरकवला.

"इथं सगळेच पाऊणटनीनं ओढतात," तो म्हणाला. "घाट उतरला असता तर कुणी विचारलं असतं?"

"ओडेलनं विचारलं होतं," ओपल म्हणाली.

त्याला आत नेलं. वेर्ना उठली नाही. भरपाईचं, घराचं तिनं काहीच विचारलं नाही.

"वेगात नव्हता ना तो?"

"नव्हता. गिअर खालचा टाकलेला होता. रस्त्यावरच्या खुणा बघितल्या मी, पळत्या घोड्याएवढी, त्याहून जास्त चाल नव्हती."

वेर्नानं मान हलवली. "मागं जनावरं असली की तसाच उतरायचा," ती म्हणाली, आणि मग कुठं रडायला लागली.