कोल्ह्याच्या पिल्लाला सांगितलेले गुज

रस्त्याकडेला पुरलेल्या सिमेंटच्या नळात एक तरुण कमरेपर्यंत शिरला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे चिखलाने माखलेले पाय. पहाटे वाहनाखाली सापडलेली कोल्हीण कडेला निजल्यासारखी पडली होती आणि तिचे पिल्लू नळात कण्हत होते. जमलेली मंडळी नुसते सल्ले देत होती. "कापड द्या कुणीतरी... जाडसर," आतून आवाज आला. शिवणकामाच्या दुकानातून गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला निघालेल्या एका मुलीने मागचापुढचा विचार न करता तो कोरा कोट आत सरकवला.

तो बाहेर आला तेव्हा कोटाच्या बाहीतून एक ओले नाक डोकावत होते.

"कुणाचा होता हा?"

"मघापर्यंत गिऱ्हाइकाचा. आता या पिल्लाचा — बघा ना, मापही बसलंय."

तो हसला नाही. त्याचे डोळे तेवढे हसले. तिला तेवढे पुरले.

कोट परत मागण्याच्या निमित्ताने ती प्राण्यांच्या दवाखान्यात गेली, आणि पुढे निमित्तावाचूनही जाऊ लागली. घरात तिला टकळी म्हणत, कारण तिचे तोंड मिटलेले कुणी पाहिले नव्हते. अनाथ पिल्ले सांभाळणाऱ्या त्या तरुणाला दवाखान्यात मुनी म्हणत. त्याचे कारण वेगळे सांगायला नको. पिल्लांच्या खोलीत डॉक्टरबाईंची सक्त ताकीद होती — अवाक्षर काढायचे नाही. ज्याला रानात परतायचे आहे, त्याला माणसाच्या आवाजाची गोडी लागता कामा नये. अंगात करडा झगा, तोंडावर फडके, आणि बोलणे सारे खुणांचे. त्याने बोट उंचावले की दुधाची बाटली, तळहात पालथा केला की हळू... आणि भुवई उडवली की काय, ते कळायला मात्र तिला बराच काळ लागला. टकळी तिथे रोज गप्प बसते हे ऐकून तिच्या भावाने तिला कायमचीच ठेवून घ्या, असा निरोप धाडला होता.

बाहेरच्या पायरीवर ती बोले, तो ऐके. जगातल्या साऱ्या विषयांवर ती बोले, एक सोडून. तो ओठांवर आला की ती घाईघाईने बटणांचे भाव सांगू लागे.

एका दुपारी पिंजरा झाडायला ती एकटीच होती. पिल्लू पायाशी येऊन कुंईकुंई करू लागले. तिने फडके खाली ओढले आणि अगदी हळू म्हटले, "आज त्यांनी निळा सदरा घातलाय, पाहिलास का रे?" पिल्लाने कान टवकारले. इतके मन लावून ऐकणारे तिला आजवर कुणी भेटले नव्हते. त्यानंतर ती रोज सांगत गेली.

पिल्लू वाढले, त्याला बीळ केलेल्या जाळीच्या आवारात हलवले, आणि रानात सोडायचे ठरले. आधी परीक्षा म्हणून डॉक्टरबाईंनी माळ्याला कुंपणापलीकडून बोलत जायला सांगितले. पिल्लाने बिळात दडायला हवे होते. ते शेपूट हलवत जाळीला येऊन चिकटले.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. असा प्राणी पहिल्या हाकेला धावत जाईल, आणि हाक मारणाऱ्याच्या हातात काय असेल कुणी सांगावे. म्हणजे आता त्याला जन्मभर पिंजराच. हे कुणी केले, असे त्यांनी विचारले. मुनीने टकळीकडे पाहिलेही नाही. "खोली माझ्या ताब्यात आहे. चूक माझीच म्हणायची," तो म्हणाला, आणि खोलीची किल्ली त्याच्याकडून काढून घेण्यात आली.

ती शेजारीच उभी होती. जन्मात कधी न थकलेली जीभ नेमकी तेव्हा टाळूला चिकटली.

घरी आल्यावर ती आरशासमोरून मान वळवून गेली. शिवायला बसली तर बाही उलटी जोडली. आईने कपाळाला हात लावून पाहिला; ताप नव्हता. खोदून विचारल्यावर सारे बाहेर आले. आई कडक होती, पण लेकीला ओळखून होती. "मग इथे बसून काय रडतेस? ज्याने तुझं अंगावर घेतलं, त्याच्यासमोर जाऊन उभी राहा."

सकाळी तो अंगणात बाटल्या धूत होता. डॉक्टरबाई जवळच होत्या. "पिल्लाशी बोलत होते ती मी," टकळी म्हणाली.

काय बोलत होतीस, असे बाईंनी विचारले. तिच्या कानशिलांची आग झाली. जमीन दुभंगावी असे वाटत असता ती कशीबशी म्हणाली, "यांच्याविषयी..."

मुनीच्या हातातली बाटली तशीच राहिली. "मला सांगायचं ते त्याला सांगितलंत," तो सावकाश म्हणाला, "आणि काल सांगायचं ते कुणालाच नाही."

त्याने आवाज चढवला असता तर तिला सोसले असते.

उपाय एकच होता, आणि बाईंनी तो निष्ठुरपणे सांगितला. ज्या आवाजाची गोडी लागली, त्याचीच धास्ती बसायला हवी. तिने जाळीपाशी बसून तेच शब्द, तितक्याच लाडाने बोलायचे. आणि दर वाक्याला मुनीने आडोशामागून पत्र्याचा डबा बडवायचा.

"आज त्यांनी... निळा सदरा..." ठण्ण. पिल्लू दचकले. "माझ्या हातून बाटली सांडली तर रागावले नाहीत..." ठण्ण. "रविवारी भेट होत नाही, म्हणून मला रविवार आवडत नाही..."

डबा वाजलाच नाही. "वाजवा," डॉक्टरबाई करड्या आवाजात म्हणाल्या. टकळीने लाजेने झग्यात तोंड लपवले, आणि मग पुन्हा तेच वाक्य उच्चारले, कारण पिल्लाची सुटका त्यातच होती.

हे रोज चालले. पिल्लू आधी थबकले, मग मागे सरले. आणि एक दिवस तिने तोंड उघडताच वाऱ्यासारखे बिळात गेले. माळ्याच्या आवाजालाही ते तसेच दडले. किल्ली मुनीकडे परत आली. तिला हसावे की रडावे ते कळेना.

पिल्लाला त्यांनी माळावर सोडले. त्याने मागे वळून पाहिले नाही. तिने निरोपाचा शब्दसुद्धा काढला नाही. तेवढा धडा ती शिकली होती. परतीच्या पायवाटेवर ती खाली मान घालून चालत राहिली.

"आता पुढचं कुणाला सांगणार?" त्याने विचारले. "माझ्या हातात डबा नाही."

"आधी... त्या दिवशी मी गप्प राहिले, त्याबद्दल—"

"ते ऐकलंय मी. अंगणात, तुमच्या तोंडूनच ऐकलं. पुढचं सांगा."

तिने मान वर केली. त्याची भुवई उडाली होती, आणि आता त्या खुणेचा अर्थ तिला कळत होता: बोला, ऐकतोय. आणि ती, डोळे न वळवता, सांगू लागली.