कोरी हळद

कांचघरहून राइट टाउनला निघालेल्या ऑटोत विनताच्या शेजारी एक तरुण येऊन बसला, आणि बसला तोही असा, की दोघांच्या मधे आणखी एक माणूस मावला असता. मे महिना, अंगाची नुसती लाही लाही, आणि या गृहस्थाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद! विनताने पर्स मांडीवर ओढून घेतली. ती मुळातच संशयी. आंबासुद्धा तीनदा हुंगल्याशिवाय पिशवीत टाकायची नाही.

"घाबरू नका जी," या हिंदी शहरात तो चक्क मराठीत म्हणाला. "चोर इतका दूर बसत नसतो."

"नवीन असला तर बसतो," विनता म्हणाली... आणि मग तिलाच हसू आलं.

त्याचं नाव गुणवंत. विमा ऑफिसात कारकून, घर महाराजपुरात. तिची शाळा त्याच्या ऑफिसच्या पुढच्या गल्लीत. मग काय, रोज तोच ऑटो, रोज तेच माणूसभर अंतर. एकदा पावसात भिजून तिने रुमाल मागितला, तर पठ्ठ्याने स्वतःचा खिशात आणखी खोल कोंबला आणि धावत जाऊन कोपऱ्यावरून नवा घेऊन आला. विनताला ते फार गोड वाटलं. जरा विचित्रही वाटलं. पण प्रेमात पडलेलं माणूस विचित्र ते बाजूला ठेवतं आणि गोड तेवढं घरी नेतं.

दोन्ही घरांनी होकार दिला, दिवाळीनंतरची तारीख निघाली. आणि लग्नाला आठ दिवस उरले असताना गुणवंतचा फोन आला.

"विनता, आमच्याकडून उष्टी हळद नाही येणार. कोरीच पाठवू."

"काहून?"

"असंच... चलो, ठेवतो."

नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लागते. आजवर घरातल्या प्रत्येक मुलीला तीच लागली होती. भानुमतीआत्याने ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"हळद अडते म्हणजे मन दुसरीकडे अडकलं असते, बाई. दाल में कुछ काला है. आताच विचार, मग रडून काही फायदा नाही."

विनताच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. हा माणूस खोटा निघाला तर लग्न मोडायचं, हे तिने ठरवलं, आणि ठरवताना उशी भिजली.

पाचव्या दिवशी दोघं बागेतल्या बाकावर डबा खायला बसले. शेवटचा घास संपताच गुणवंतने पाठ फिरवली, काहीतरी तोंडात टाकलं, वर पाणी प्यायला. कॅप्सूलचा रिकामा पत्ता, ती चंदेरी पट्टी, बाकाखाली घसरला. विनताने तो पायाने ओढला आणि पर्समध्ये टाकला. शाळा सुटल्यावर ती थेट कांचघरच्या मेडिकलवर गेली.

"दाद की है, दीदी," दुकानदार म्हणाला. "मलम से न जाए, पूरे बदन में फैल जाए, तब डॉक्टर खाने की देते हैं."

दाद, म्हणजे आपलं गजकर्ण. दुसरी कोणी नाही! विनताला रस्त्यातच हसू फुटलं. ऑटो मिळेपर्यंत मात्र ती संतापाने लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर तिने पत्ता त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय होय?"

गुणवंतचा चेहरा उतरला. "मित्राने सांगितलेली ट्यूब लावत होतो. लावली की दबायचं, सोडली की दुप्पट. हातावरून पाठीवर, कंबरेवर... महिनाभर झाला डॉक्टरकडे जाऊन. खाज थांबली तरी कॅप्सूल सोडायची नाही म्हणे. अजून दोन आठवडे बाकी हायेत. माझ्या अंगावरची हळद तुला लागून तुला झालं तर?"

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू आंबा तीनदा हुंगते," तो हळूच म्हणाला. "मलाही परत ठेवून दिलं असतं तर?"

विनताचे डोळे भरून आले. "गजकर्णाला मी काही म्हटलं नसतं रे. तू दुसरीचा हाय म्हणून मी चार रात्री रडून राहिली, त्याचं काय?"

त्याचा पुढे झालेला हात सवयीने मधेच थांबला. ती उठून गेली, आणि लग्न होणार की नाही, हे तो बिचारा हळदीच्या सकाळपर्यंत स्वतःलाच विचारत राहिला.

त्या सकाळी विनता स्वतःच पाटावर जाऊन बसली.

"आत्या, मला लाव आधी. उरलेली महाराजपूरला पाठव."

"अशी उलटी रीत? लोक काय म्हणतील?"

"कोरी कोणी पाठवणार नाही, आत्या. उष्टीच लागंल. फक्त इकडून तिकडे जाईल."

आत्या पुटपुटली, पण लावली. वाटीखाली विनताने चिठ्ठी सरकवली — 'फक्त गालाला लाव. पाठ बाकी ठेव, गोळ्या संपल्या की मी लावीन. आजची घेतली का?'

दुपारी वाटी परत आली. तळाशी एक पत्ता होता, आजच संपलेला. विनताने कॅप्सूलची घरं बोटाने दाबून पाहिली, एकेक करून, सगळी. मग पुन्हा एकदा पाहिली.

"आता काय शोधून राहिली?" आत्या वैतागली.

"काही नाही," विनता म्हणाली, आणि पिवळ्या हातांनी तो रिकामा पत्ता तिने लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवून दिला.