फाटकातली हाक

खण्...

कुलूप गजावर आपटल्याचा आवाज. तेवढाच.

बाकी सगळं शांत होतं. मार्चमध्ये इथे झाडांवरचे किडे दिवसभर कान किटेपर्यंत ओरडत असतात. तेही एकदम गप्प झाले होते.

हे कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्याच घरात घडलेलं आहे. माझी लेक लोट्टे झोपली की जी पंधरा-वीस मिनिटं हाती लागतात त्यात लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या. गावाचं नाव सांगणार नाही. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर आहे, एवढं पुरे. ते घर अजूनही भाड्याने देतात.

रात्र नव्हती. मंगळवार होता आणि दुपारचे दोन वाजले होते.

योरिस, माझा नवरा, आदल्या दिवशीच सीमेवर गेला होता. नव्वद दिवस भरत आले की आम्हा परदेशी लोकांना एकदा देशाबाहेर पाऊल टाकून पासपोर्टवर नवा शिक्का घ्यावा लागतो. मी आणि लोट्टे हॉलंडहून त्याच्यानंतर महिन्याने आलो, त्यामुळे आमची तारीख वेगळी.

"दोन दिवस मजा कर माझ्याशिवाय," जाताना तो म्हणाला होता. "फक्त येईल त्याला ‘पासे’ म्हणत बसू नकोस!"

त्याच्या चिडवण्याला कारण होतं. इथे दार कुणी वाजवत नाही. फाटकाशी उभं राहून "ऊपे!" अशी हाक मारतात. आतल्याने "पासे!" म्हणायचं. पुढे या. मला भाषा धड येत नव्हती, पण हा एक शब्द अगदी इथल्या बाईसारखा जमायचा. म्हणून शहाळेवाला असो की गॅसवाला, मी न बघताच स्वयंपाकघरातून ओरडायचे, "पासे!" आणि मग किल्ली घेऊन फाटक उघडायला जायचे.

समोर राहणारी घरमालकीण, दोन्या एलिएत, म्हणजे एलिएतबाई, पोट धरून हसायची.

"अगं गोरे, आधी डोकावून बघावं, मग बोलवावं! उद्या सैतान आला तरी म्हणशील, पुढे या, कॉफी टाकू का?"

घर लहानसं, मागे दार नाही. पडवीला वरपासून खालपर्यंत लोखंडी गज, त्यातच फाटक, फाटकाला आतून कुलूप. रस्ता ओलांडला की वाळू. वाळू संपली की समुद्र. लोट्टे तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि पाणी दिसलं की धावत सुटायची. म्हणून कुलूप कायम लावलेलं असायचं. एक किल्ली योरिसकडे. दुसरी स्वयंपाकघरात, माझ्या डोक्याच्याही वर, खिळ्याला.

त्या दुपारी मी केळ्याचे काप तळत होते. लोट्टे माझ्या पायाशी बसून भांड्यांच्या झाकणांचं घर करत होती.

खण्...

"ऊपे..."

म्हातारीचा आवाज. दमलेला.

मी मागे वळलेही नाही. कढईतला काप उलटला आणि ओरडले, "पासे!"

मग गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेर पडवीत आले.

फाटकाशी कुणीच नव्हतं.

रस्ता रिकामा. ऊन नुसतं रणरणत होतं. समोर दोन्या एलिएतच्या खिडक्या बंद. दुपारी ती पंखा लावून झोपते.

कुलूप मात्र हलत होतं... हळूहळू... मागेपुढे.

"ऊपे..."

या वेळी मी नीट ऐकलं.

हाक रस्त्यावरून आली नव्हती. माझ्या खांद्याजवळून आली होती. गजांच्या अलीकडून.

पहिला विचार लोट्टेचा आला. धावत आत गेले.

झाकणं तशीच होती. लोट्टे नव्हती.

खोलीत बघितलं. पलंगाखाली. न्हाणीघरात. मोजून वीस पावलांचं घर ते, त्यात मूल हरवणार कुठे?

पुन्हा पडवीत आले... आणि गजांमधून तिचा निळा फ्रॉक दिसला.

लोट्टे बाहेर होती. रस्त्यावर.

उजवा हात वर धरलेला. माझं बोट पकडून चालते ना, अगदी तसा. शेजारी कुणी नव्हतं.

आणि ती सावकाश चालत होती. माझी लोट्टे कधीच सावकाश चालत नाही. एक पाऊल... थांबायचं... दुसरं पाऊल. गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर चालावं तशी.

समुद्राकडे.

मी कुलूप ओढलं. बंद. किल्लीसाठी आत पळाले.

खिळा रिकामा होता.

गजांमधून हात गेला, खांदा गेला, डोकं जाईना. "लोट्टे! लोट्टे, थांब!" तिने मागे बघितलं नाही. मी येईल त्या भाषेत ओरडले. पण समुद्राकाठी परदेशी लोक ओरडतातच सारखे, लाट अंगावर आली की. कोण लक्ष देतंय?

ती वाळूत उतरली.

मग मी दोन्ही हातांनी गज धरले आणि तोंडातून आपोआप निघालं, "ऊपे! ऊपेऽऽ!"

समोरचं दार उघडलं.

दोन्या एलिएत चपला न घालताच बाहेर आली आणि भर उन्हात रस्त्यामध्ये थबकली. ती माझ्या हातांकडे बघत होती. तोंडावरचं रक्त उतरलेलं.

"मम्मा?" ती म्हणाली.

"लोट्टेला धरा! अहो, लोट्टेला!"

तेव्हा कुठे ती पळाली. तिने उचललं तेव्हा लाट लोट्टेच्या गुडघ्यापर्यंत आली होती.

किल्ली लोट्टेच्या फ्रॉकच्या खिशात सापडली. एलिएतने बाहेरून हात घालून कुलूप उघडलं. मी लोट्टेला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. म्हणाली, "आजीला पाणी बघायचं होतं."

एलिएत पडवीच्या पायरीवर मटकन बसली. गजांकडे बघत बोलली.

"हे माझ्या आईचं घर. शेवटी शेवटी तिला काही आठवेना. उठायची आणि समुद्राकडे चालायला लागायची. मी गोऱ्यांची घरं पुसायला जायचे. कुलूप लावून जायचे. काय करणार होते, सांग?"

मी लोट्टेच्या पायांची वाळू झटकत होते.

"मग ती इथे उभी राहायची, गज धरून. ‘ऊपे, ऊपे’ करत. स्वतःच्याच घरात! तिला वाटायचं, आपण दुसऱ्याच्या दाराशी आलोय आणि कुणी पुढे या म्हणत नाही. येणारे-जाणारे हसायचे. आतून आलेल्या हाकेला कोण ओ देणार?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"तू दिलीस, गोरे."

दुसऱ्या दिवशी योरिस आला. "स्टुलावर चढली असेल गं," म्हणाला. मग त्याने स्वतःच लोट्टेला खिळ्याखाली स्टुलावर उभं केलं. तिने टाचा उंचावल्या, हात ताणला. तरी खिळा हातभर वरच राहिला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. पंधरा दिवसांत आम्ही घर बदललं.

नवं घर किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. याही पडवीला गज आहेत. याही फाटकाला मी कुलूप लावते, कारण समुद्र तोच आहे. रोज किल्ली फिरवताना कानात एलिएत विचारते, काय करणार होते, सांग? किल्ली आता गळ्यातच असते. आणि ‘पासे’ मी म्हणत नाही. शहाळेवाल्याला सांगून ठेवलंय, बाबा रे, शीळ घाल.

गेल्या आठवड्यात लोट्टे पडवीत चित्र रंगवत होती. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. दुपारचे दोन.

बाहेरचे किडे अचानक गप्प झाले...

खण्...

"ऊपे..."

मी हलले नाही. श्वास रोखून ऐकत राहिले. हाक कुठल्या बाजूने येतेय, काही केल्या कळेना.

लोट्टेने रंगाचा खडू खाली ठेवला. फाटकाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आई, आजीला आत यायचंय की बाहेर जायचंय?"