सपाट रेघ

सातारच्या प्राणी-उगम प्रयोगशाळेत लोक यायचे ते नेमके उशिरा. पिल्लू घेण्याआधी विचारायला कोणी येत नसे. घरी आणून, नाव ठेवून, शेजारीपाजारी पेढे वाटून झाले की मग टोपलीत घालून आणायचे आणि म्हणायचे, "डॉक्टर, जरा बघता का?" आता बघायचं काय, कपाळ? डॉ. प्राजक्ता कडूसकर गेली अकरा वर्षं हेच बघत होत्या आणि त्यांचा संयम केव्हाच संपला होता.

२०४९ सालच्या त्या सोमवारी टोपली घेऊन आले ते त्यांच्या धाकट्या बहिणीचे, मुग्धाचे यजमान, निनाद सोमण. टोपलीत दोन महिन्यांचं तपकिरी पिल्लू होतं. ते रडत नव्हतं, हुंगत नव्हतं, नुसतं बसलं होतं.

"निनादराव, मी याच कामाचा पगार घेते, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे ताई. म्हणून तर तुमचंच पत्रक घेऊन गेलो होतो. धोक्याच्या दहा खुणा. एकेक ताडून पाहिली." निनादरावांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "विकणाऱ्या बाईंनी रस्त्यात कुठेतरी गाठून पिल्लू हातात कोंबलं नाही, घरी बोलावलं. लसीचे कागद दाखवले. दोन महिन्यांच्या आत देत नाही म्हणाल्या. उलट आम्हालाच विचारलं, घरी दिवसभर कोण असतं. आणि पिल्लाची आईसुद्धा दाखवली."

"आईनं पिल्लाला हुंगलं?"

निनादराव घुटमळले. "तेवढ्यात पोहे आले."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. हे पोहे त्यांना चांगलेच माहीत होते. 'स्नेहांगण' श्वानगृहात गिऱ्हाइकाला आधी बैठकीत बसवत, वर खोबरं-कोथिंबीर पेरलेले पोहे देत, मग आलं घातलेला चहा. जणू मुलगीच बघायला आलेत. आणि एकदा का दुसऱ्याच्या घरचे पोहे पोटात गेले, की आपल्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटते.

"मागची खोली पाहिलीत? बाकीची पिल्लं कुठे वाढतात ते?"

"इतकं आगतस्वागत केलं त्यांनी. त्यावर मागचं दार उघडा म्हणायचं म्हणजे... बरं दिसलं नसतं ताई."

बरं दिसत नाही. या तीन शब्दांनी महाराष्ट्रात जेवढी माणसं फसवली गेली तेवढी कुठल्या भामट्यानं फसवली नसतील, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं. त्यांनी पत्रक काढलं सहा वर्षांपूर्वी. गिऱ्हाइकांनी ते वाचलं एकदा, विक्रेत्यांनी मात्र घोकून पाठ केलं.

"बरं, आता अडचण काय?"

"मुग्धा म्हणते, याला आमचा लळाच लागत नाही. हाक मारली तरी मान वळवत नाही. सात दिवसांत परत केलं तर बाई दुसरं देतात. आज सातवा दिवस."

"परत केलेल्याचं त्या काय करतात?"

"ते काही मी..."

"बरं दिसलं नसतं," डॉक्टरच म्हणाल्या.

आतून रसायनतज्ज्ञ तौफिक मुजावर आला. डॉक्टरांबरोबर अकरा वर्षं काढलेला हा माणूस, त्यामुळे त्याला आता कशाचंच काही वाटत नसे. त्यानं पिल्लाच्या मिशीचा एक केस मुळाशी कापला आणि केशवाचकात सरकवला. पिल्लानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सोमणसाहेब, सोपं आहे," तौफिक म्हणाला. "जीव घाबरला, दुखावला, की रक्तात तणावरस उतरतो. त्या दिवशी केसाचा जेवढा भाग वाढतो, त्यात तो साठून राहतो. पिल्लू मिशा घेऊनच जन्माला येतं. म्हणजे केसाच्या टोकाला आईच्या पोटातले दिवस आणि मुळाशी आजचा दिवस. पोटुशी असताना आईचे हाल झाले असतील, तर तेही टोकाला दिसतात. कागद खोटे करता येतात, केस नाही."

यंत्रातून कागद आला. त्यावर टोकापासून मुळापर्यंत एकच रेघ, पाटीवर पट्टीनं ओढावी तशी. खाली गुण: शंभरपैकी शंभर.

"बघा," निनादरावांचा चेहरा खुलला. "म्हणजे पिल्लू सुखात वाढलंय. आमच्यातच काहीतरी कमी आहे."

नियम तेच सांगत होता. 'रेघ जितकी सपाट, तितकं पिल्लू सुखी,' हे वाक्य डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं. पुढच्या महिन्यापासून प्रयोगशाळेची मोहोर असलेल्या विक्रेत्यालाच पिल्लं विकता येणार होती. 'स्नेहांगण'चा अर्ज टेबलावरच होता. अडतीस पिल्लं, अडतीस सपाट रेघा. फक्त सही राहिली होती.

डॉक्टरांनी पेन उचललं, पिल्लाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"घरी कधी आणलंत?"

"गेल्या मंगळवारी."

त्यांनी रेघेवर मंगळवार शोधला. तिथेही सपाट. "तौफिक, तुझ्या राणीचा जुना केशलेख काढ."

तौफिकची कुत्री राणी मेढ्याच्या मित्राकडची. आईच्या कुशीत, पाच भावंडांच्या लाथा खात वाढलेली. तिची रेघ बरीचशी शांत होती, आणि मग ती तौफिककडे आली त्या दिवशी ठळक उंचवटा. तीन दिवस टिकलेला.

"याचे आपण बारा गुण कापले होते," तौफिक म्हणाला. "विक्रेत्याची हयगय म्हणून."

डॉक्टरांनी आणखी वीस लेख काढायला लावले. ज्या ज्या घरांची त्यांना खात्री होती, तिथल्या प्रत्येक पिल्लाच्या रेघेत घर सोडल्याच्या दिवशी तसाच उंचवटा होता. प्रत्येकाचे गुण कापलेले.

"मी मूर्ख आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सोडून आल्याचं दुःख व्हायला मागे कोणीतरी असावं लागतं. याच्या मागे कोणीच नव्हतं."

त्यांनी 'स्नेहांगण'च्या उज्ज्वला शेवाळेंना फोन लावला. बाई जराही गडबडल्या नाहीत, उलट कौतुकानंच सांगू लागल्या.

"आमच्याकडे मायपेट्या आहेत ना ताई. पिल्लू काचेच्या गर्भपिशवीत वाढतं, मग उबदार पेटीत. रबरी आचळ, काळजाच्या ठोक्यांचा आवाज, अगदी ठरलेल्या वेळी दूध. कुठल्या कुत्रीचे हाल नाहीत, भूक नाही, भीती नाही. तुमचाच नियम वाचून बनवून घेतल्या."

"मग ती दाखवलेली आई?"

"ती दाखवायलाच असते. लोकांना बरं वाटतं."

"आणि परत आलेलं पिल्लू?"

"परत पेटीत. त्यांना तिची सवय असते."

"मोठं झालं, पेटीत मावेना, की?"

"ते मग बघतो आम्ही. पण ताई, यात मी कुणाला दुखवलं ते सांगा."

डॉक्टरांना ते चटकन सांगता आलं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला. त्यांनी फोन ठेवला आणि अर्जावर आडवी रेघ मारली.

निनादराव अपराध्यासारखे उभे होते. "ताई, मुग्धाचा जीव रमणार नाही याच्यात. पण परतही नको करायला."

"ठेवा इथेच." दिवसभर जनावरं बघून घरी पुन्हा जनावर नको, असं तीस वर्षं सांगणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या. "दोन दिवसांचा पाहुणा."

नाव पाहुण्याच पडलं. तो कपाटाशी बसायचा, दिलेलं खायचा, कोणाकडे बघायचा नाही. डॉक्टर त्याच्यावर दिवसभर करवादायच्या. "अरे बाबा, निदान चावून तरी दाखव कुणाला." जेवताना बोलायच्या, फायली चाळताना बोलायच्या. उत्तर कधी आलं नाही.

दरम्यान अर्ज नाकारला म्हणून शेवाळेबाईंनी पुण्याच्या न्यायाधिकरणात दाद मागितली. दोन दिवस सुनावणी चालली. त्यांच्या वकिलांनी एकच प्रश्न लावून धरला: या पिल्लांना काही कमी आहे याला पुरावा काय? पेटीबाहेर त्यांना कोणाची आठवण येते असं दाखवा, मग मायेच्या अभावाबद्दल बोलू. डॉक्टर वैतागून, हात हलवत परत आल्या. पुढची सुनावणी सोमवारी होती.

शनिवारी सहावा आठवडा संपत आला, म्हणून तौफिकनं पाहुण्याचा दुसरा केस यंत्रात घातला. कागद आला. त्यानं तो वाचला आणि डॉक्टरांपुढे ठेवला.

रेघ सपाट होती. पुढेही सपाट. मग चौदा आणि पंधरा तारखेला उंचवटा, राणीच्या रेघेतल्यासारखाच ठळक. सोळाला पुन्हा खाली.

"चौदा-पंधराला काय झालं होतं? तुझ्याकडे होता ना तो? राणी चावली का?"

"राणीनं काही केलं नाही मॅडम," तौफिक म्हणाला. "तुम्ही पुण्याला होता."

यंत्रात अजून जुनाच नियम होता. त्यामुळे रेघेखाली लाल अक्षरांत निकाल छापून आला होता: 'धोक्याची खूण. या पालकाकडे पिल्लू ठेवू नये.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. हवा होता तो पुरावा हातात होता, आणि त्यावर पालक म्हणून स्वतःचंच नाव होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसत राहिल्या. कपाटाशी बसलेला पाहुण्या त्यांच्याकडे बघत होता. किती दिवसांपासून बघत होता कोण जाणे, त्यांनी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"सोमवारी पुन्हा जायचंय ना पुण्याला?" तौफिकनं विचारलं. "ठेवतो मी याला."

"काही नको," डॉक्टर खेकसल्या. "याची ती टोपली कुठे ठेवलीयस, ती शोध आधी."