ईस्टरच्या टेबलावर भांडलेली मुलगी

माझी नि कर्टिसची पहिली भेट झाली तेव्हा तो शिडीवर चढून माझ्या देशाचं नाव पुसत होता.

२००३ सालचा मार्च संपत आला होता. बाहेर पाऊस आणि बर्फ एकदमच पडत होते... अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये याला वसंत म्हणतात. माझे बूट आतपर्यंत भिजले होते, म्हणून दिसेल त्या पहिल्या दारात शिरले. ते निघालं लिंडालांचं, म्हणजे कर्टिसच्या घरचं, हॉटेल. आत तळलेल्या माशांचा वास भरला होता, आणि भिंतीवरच्या फळ्याशी एक उंच, भुऱ्या केसांचा माणूस ‘फ्रेंच फ्राइज’मधल्या ‘फ्रेंच’वर चिंधी घासत होता.

“खाली अजून एक राहिलंय,” मी म्हटलं.

“काय?”

“सॅलडच्या ओळीत बघा. फ्रेंच ड्रेसिंग. खरं तर ते आधी पुसा. तसलं नारिंगी, गोडमिट्ट पाणी आमच्याकडे कुत्रंही चाटत नाही. सहा महिने मला त्याची लाज वाटतेय.”

त्याने वळून पाहिलं. माझे उच्चार ऐकून त्याला सगळं कळलं, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

“तुम्ही... शाळेतल्या फ्रेंच बाई?”

“अजून तरी आहे. हाकललं नाहीये.”

“हे मी नाही हो... म्हणजे, गिऱ्हाइकं मागे लागली. तुमच्या सरकारनं इराकच्या युद्धात यायला नकार दिला ना, तर...”

“तर बटाट्यांना शिक्षा?”

तो खाली उतरला. फ्राइजची गच्च भरलेली बशी माझ्यापुढे ठेवली आणि कोरडे मोजे आणून दिले – स्वतःचे, भले मोठे. “बटाट्यांच्या वतीने,” म्हणाला. मी ते मोजे तिथेच घातले. पुढच्या शुक्रवारी परत करायला गेले, त्याच्या पुढच्या शुक्रवारी काहीही परत करायचं नसताना गेले.

गावात माझे दिवस काही बरे चालले नव्हते. माझ्या वर्गात एकतीस मुलं होती, त्यांची चौदा झाली. एकाही पालकाने खरं कारण सांगितलं नाही. सगळ्यांच्या मुलांना अचानक बास्केटबॉलचा सराव लागला. पेट्रोल भरायला गेले की तिथला म्हातारा हमखास म्हणायचा, “जर्मनांपासून तुमच्या आजीला आम्ही वाचवलं, विसरू नका.” मी म्हणायचे, “आजी अजून तेच म्हणते, आणि तुमच्या सैनिकांनी वाटलेलं च्युइंगम दाताला चिकटलं होतं तेही सांगते.”

मीही काही साधी नव्हते. दर रविवारी फ्रान्समध्ये, आमच्या दिजों शहरात, आईला फोन करून मी या लोकांची यथेच्छ टिंगल करायचे. कागदाच्या बशीत जेवतात, सहा वाजता जेवतात, चीज फवाऱ्यातून उडवून खातात. कर्टिसबद्दल सांगितलं तेव्हा आईने दोनच प्रश्न विचारले. “जाडा आहे का गं?” आणि “घरात पुस्तकं आहेत का?”

“आई, तो माणूस आहे, सर्कशीतला प्राणी नाही.”

“असेल बाई. पण अमेरिकन आहे ना?”

मला राग आला. पण पटकन उत्तर सुचलं नाही, याचा जास्त आला.

कर्टिस सगळ्यांकडे बघून हसायचा. टपालवाल्याकडे, रडक्या पोरांकडे, मला टोमणे मारून जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडेसुद्धा. माझ्या डोक्यात जायचं ते. हा सगळ्यांना हसू फुकट वाटतोय, त्यातलं मला मिळालं त्याचं काय कौतुक?

“तू कधीच हसत नाहीस,” तो एकदा म्हणाला.

“हसण्यासारखं काही केलंस की हसेन.”

“बापरे. तुमच्याकडे हसायलाही अर्ज करावा लागतो?”

“करावा लागतो. आणि बहुतेक नामंजूर होतो.”

मग एका शुक्रवारी, हॉटेल रिकामं झाल्यावर, तो माझ्यासमोर येऊन बसला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. थकलेला, थोडा घाबरलेला चेहरा होता. म्हणाला, टॉडचं – त्याच्या धाकट्या भावाचं – इराकमधून दहा दिवस पत्र नाही. मग तसाच बसून राहिला. माझ्यासमोर त्याला हसावं लागत नव्हतं. बस्स, त्या संध्याकाळी मी त्याच्या प्रेमात पडले. सरळ, धडधडीत पडले.

एप्रिलमध्ये आम्ही नदीकाठी चालायला जायचो. पाइनच्या झाडांवरून थेंब गळायचे, चिखल घोट्यापर्यंत यायचा, आणि तो माझा हात धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. जूनमध्ये माझा शाळेचा करार संपणार होता.

“जूनमध्ये... नको ना जाऊस,” तो म्हणाला. “लग्न करूया.”

“मागणी घालतोयस की मत विचारतोयस?”

“मागणी. भयंकर घाबरून घातलेली.”

माझ्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. पण मी म्हटलं, “आधी तुझ्या आईकडे जेवायला ने. तिथे टिकले तर हो.”

गंमत म्हणून नव्हतं म्हटलं. आमच्या घरची तीच रीत होती. बहिणीचा नवरा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा पपांनी त्याला अणुचाचण्यांवरून पाच तास सोलून काढलं होतं. टेबलावर मूठ आपटली, हातरुमाल फेकला, त्याच्या सबंध पिढीचा उद्धार केला. तोही तोडीस तोड भांडला. मग चीज आलं, कॉफी आली, आणि निघताना पपांनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. “लग्न कर,” बहिणीला म्हणाले, “पोरगा दमाचा आहे.” आमच्याकडे परक्याशी गोड बोलतात. भांडतात ते घरच्यांशी.

ईस्टरच्या दुपारी लॉर्नांच्या, म्हणजे कर्टिसच्या आईच्या, टेबलावर आम्ही पाच जण होतो. त्या, त्यांचे दीर व्हर्नकाका, काकू, कर्टिस आणि मी. कपाटावर टॉडचा गणवेशातला फोटो होता. हॅम होतं, चीज घातलेले बटाटे होते, आणि गाजराचे तुकडे अडकलेली एक हिरवी जेली थरथरत होती. तासभर हवेवर बोलणं झालं. मग जेलीवर. मी आणलेल्या फुलांना सगळे “किती छान” म्हणाले, माझ्या वडिलांच्या नोकरीला “किती छान” म्हणाले, मला वाटतं मी दिजों जळून गेलं म्हटलं असतं तरी “किती छान” म्हणाले असते. माझा धीर सुटत चालला. हे लोक मला घरात घेतच नव्हते.

आणि तेवढ्यात व्हर्नकाका मिशीत हसत म्हणाले, “काय गं पोरी, आम्ही नसतो तर तुम्ही आज जर्मन बोलत असता, काय?”

मला इतका आनंद झाला! चला, जेवण सुरू झालं.

“आणि तुमच्या स्वातंत्र्ययुद्धात आम्ही नसतो तर तुम्ही आज इंग्लंडच्या राणीच्या फोटोखाली जेवत असता,” मी म्हटलं. काका खो-खो हसले. मला चेव चढला. “पण तेव्हाचं सोडा हो. आत्ताचं बोला. ज्यांच्या नावाखाली युद्ध केलं, ती महासंहारक शस्त्रं सापडली का बगदादमध्ये? नाही सापडायची. थाप आहे ती. या घरचा मुलगा एका थापेपायी वाळवंटात जाऊन बसलाय, आणि आपण इथे जेलीबद्दल बोलतोय!”

सगळ्यांच्या माना बशीत गेल्या.

“आणखी बटाटे कुणाला?” लॉर्ना म्हणाल्या.

आमच्याकडे समोरचा गप्प बसला की समजायचं, अजून नीट सांगायला हवं. मी नीट सांगितलं. अगदी मनापासून, पुढे वाकून सांगितलं. “लॉर्ना, तुम्ही बोला ना. टॉड तुमचा मुलगा आहे. तो उद्या नाही परत आला, तर कोणाला जाब विचारणार? तुम्हाला राग नाही येत?”

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. मग लिंबाचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ घेऊन हसतमुखाने परत आल्या, मला सगळ्यांत मोठा तुकडा दिला, आणि निघताना उरलेलं हॅम चांदीच्या कागदात बांधून माझ्या हातात ठेवलं.

गाडीत मी हवेत होते.

“किती गोड आहेत तुझ्या आई! जरा बुजऱ्या आहेत, पण ऐकतात छान. मी टिकले की नाही? सांग ना...”

कर्टिसने गाडी शेताच्या कडेला थांबवली.

“ती रडत होती, एस्तेल. नळ त्यासाठी सोडला होता.”

मला आधी खरंच वाटेना. मग मांडीवरचं हॅम मी खाली ठेवलं.

“मी गाडी वळवतो,” तो म्हणाला. “तू फक्त आत जा आणि म्हण, मला वाईट वाटतं. एक वाक्य. पुढचं मी बघतो.”

“पण मी खोटं काय बोलले?”

“काहीच नाही.”

“म्हणजे तुलाही पटतं?”

“पटतं.”

“मग टेबलावर मूग गिळून का बसलास?”

“कारण टॉड तिकडे ट्रकखाली झोपतो, आणि आई बातम्या लागायच्या आत टीव्ही बंद करते. तिला एक दुपार हवी होती गं. फक्त एक.”

इथे मी ‘वळव गाडी’ म्हणायला हवं होतं. दोन शब्द होते. पण मला वाटलं, मी जीव तोडून घरची झाले आणि हे लोक मात्र मला पाहुणीच ठरवून माझ्यामागे रडतायत. माझं डोकं फिरलं.

“तुम्ही अमेरिकन!” मी म्हटलं. “ओठांवर एक, पोटात एक. तोंडभर हसाल आणि आतून कडी लावाल. खरं ऐकायची हिंमत नाही, म्हणून नळ सोडता!”

त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

“आणि तुम्ही?” तो हळूच म्हणाला. “लढायची वेळ आली की घरात, आणि कोण बरोबर होतं हे सांगायची वेळ आली की पहिल्या रांगेत.”

“तुझ्या त्या गिऱ्हाइकांसारखं बोललास.”

“आणि तू... ती सांगतात तश्शीच निघालीस.”

त्याने मला घरी सोडलं. दारात माझ्याकडे बघून हसला, टपालवाल्याकडे बघून हसतो तसा. ते हॅम मी उभ्या उभ्या कचऱ्यात टाकलं.

बुधवारी लॉर्नांचं पत्र आलं. सुंदर अक्षरात, फुलांबद्दल आभार मानलेले, खाली ‘पुन्हा जरूर ये’. मी ते घेऊन तडक हॉटेलात गेले आणि कर्टिसपुढे धरलं.

“बघ! त्यांना काही वाटलेलं नाही. बोलावलंय पुन्हा.”

“ते ती विम्याच्या एजंटलाही लिहिते.”

“मग तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा माणसाने?”

“शब्दांवर नसतो ठेवायचा,” तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला कॉफी द्यायला गेला.

मे महिनाभर आम्ही भेटत राहिलो, हे कुणाला खरं वाटणार नाही. नदीकाठी जायचो. तो माझ्या केसांतली पानं काढायचा, मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवायचे, आणि दोघांनाही माहीत असायचं की ते एक वाक्य अजून बोललं गेलेलं नाही. तो मागत राहिला, मी देत नव्हते. मी म्हणायचे, आधी तुझ्या आईसमोर माझी बाजू घे. तो म्हणायचा, बाजू कसली घ्यायची, तिथे भांडण कुठे होतं? प्रेम तसूभरही कमी झालं नव्हतं. तेच तर छळत होतं.

जूनच्या बारा तारखेला सकाळी तो मला शिकागोच्या बसला सोडायला आला. पाऊस बारीक होता. छत्री एकच होती, आणि ती त्याने सगळी माझ्यावर धरली होती. माझी बॅग बसच्या पोटात गेली.

“एस्तेल,” तो म्हणाला. “आईला नको सांगूस. मला सांग. मी तिला सांगेन, आणि आपण ही बॅग परत खाली काढू.”

“आधी तू म्हण, मी बरोबर होते.”

मला वाटलं होतं तो चिडेल, निदान गप्प बसेल. त्याच्या भुऱ्या केसांतून पाणी कपाळावर ओघळत होतं.

“तू बरोबर होतीस,” तो म्हणाला. “प्रत्येक शब्द बरोबर होता. मी तिथेच म्हणायला हवं होतं, नाही म्हटलं, माझं चुकलं. झालं? आता तू...”

त्याने सगळं दिलं होतं. मी दोन महिने जे मागत होते ते, वर स्वतःची चूकसुद्धा. मी तोंड उघडलं. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो पेट्रोलवाला म्हातारा आला, व्हर्नकाका आले, एकतिसातली सतरा घरं आली. मी ‘वाईट वाटतं’ म्हटलं की ती सगळी जिंकणार होती. माझ्यासमोर तर एकटा कर्टिस उभा होता, भिजत, आणि त्याला काहीही जिंकायचं नव्हतं.

“बस सुटतेय,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. छत्री मिटून माझ्या हातात दिली.

ती शस्त्रं कधीच सापडली नाहीत. मी बरोबर ठरले. टॉड धडधाकट परत आल्याचं मला शाळेतल्या एकीने कळवलं. पपांच्या टेबलावर मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली, हिरव्या जेलीला सगळे पोट धरून हसले, आणि मेव्हणा म्हणाला, “शाब्बास, बरी जिरवलीस!”

कुणाची जिरवली, ते मी त्यांना सांगत नाही. कर्टिसच्या जागी दिजोंचा एखादा मुलगा असता आणि नळ सोडून त्याची आई रडत असती, तर मी गाडी वळायची वाटसुद्धा पाहिली नसती, धावत गेले असते. सत्यासाठी अडून बसले होते, असं मी त्या वेळी समजत होते. कर्टिस अमेरिकन होता, एवढंच खरं कारण होतं. आणि अमेरिकन माणसापुढे मान खाली घालायची नाही, हे मी त्याच्या प्रेमात पडायच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलेलं होतं.